हातब्रेक येईपर्यंत

“धनपाल, ह्या गाडीला आता अभिषेक तेवढा घालायचा राह्यलाय बघ,” आदगोंडा उंबऱ्यातूनच म्हणाला.

आमचे हे सोप्यात पाटावर बसून गाडीच्या टाकीवरून मऊ फडकं फिरवत होते. गाडी दसऱ्याला घरी आली होती. हँडलला बांधलेला झेंडूचा हार वाळून काडी झाला, मडगार्डवरचं कुंकवाचं स्वस्तिक फिकट पडलं, संक्रांतही होऊन गेली, तरी सीटवरचा प्लास्टिकचा कागद निघाला नव्हता. हे रोज संध्याकाळी ती पुसायचे, जागच्या जागी चालू करून आवाज ऐकायचे आणि बंद करायचे.

“हातब्रेक आला की काढतो बाहेर,” हे म्हणाले.

“ह्ये तू दिवाळीलाबी म्हणालतास.”

आदगोंडा आमचा शेजारी, यांचा लहानपणापासूनचा सोबती. त्याच्या बोलण्याचं यांना कधी वाईट वाटत नसे, पण त्या दिवशी फडकं जरा जोरात फिरलं.

यांचा उजवा पाय उसाच्या ट्रॉलीखाली गेला होता, गुडघ्याखालचा. पुढं एका शिबिरात कृत्रिम पाय मिळाला. तो पट्ट्यांनी मांडीला आवळायचा आणि चालायचं. चालणं हळूहळू जमलं. पण कुठं जायचं म्हटलं की एसटीत लोकांनी काखेत हात घालून वर घ्यायचं, जागा करून द्यायची, “सावकाश, सावकाश” म्हणायचं, ते यांना सोसत नव्हतं. म्हणून मोटरसायकल. तिचा मागच्या चाकाचा ब्रेक मात्र उजव्या पायाखाली असतो, आणि त्या पायाला पेडल कुठं आहे आणि जमीन कुठं आहे हे कळत नव्हतं. कोल्हापुरातल्या एका कारागिरानं यांच्या डाव्या हाताचं माप घेऊन, तोच ब्रेक क्लचखाली मुठीत बसेल असा खटका बनवून द्यायचं कबूल केलं होतं. त्याचा निरोप आदगोंडाच्या घरच्या फोनवर यायचा. ओतकाम बिघडलं, वायर आखूड पडली, पुढच्या आठवड्यात नक्की.

एकदा न राहवून यांनी खळ्यात फेरी मारली होती. नुसत्या पुढच्या ब्रेकवर थांबायला गेले, खडीवर पुढचं चाक घसरलं आणि गाडीसकट आडवे झाले. मी धावले तर म्हणाले, “हात लावू नको.” स्वतःच उठले. त्यानंतर गाडी सोप्यात.

“मी दुसऱ्याच कामाला आलतो,” आदगोंडा म्हणाला आणि माझ्याकडं वळला. “वैनी, तुमीबी ऐका. माताजी शिरगावात आल्यात.”

फडकं थांबलं.

माताजी म्हणजे जैन साध्वी, आर्यिका धैर्यमती माताजी. त्याआधी त्या चंपाबाई होत्या, माझ्या सासूबाई. सासरे गेल्यावर, माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी दीक्षा घेतली. डोक्यावरचे केस स्वतःच्या हातानं उपटले, पांढरं लुगडं नेसलं, मोरपिसांची पिच्छी आणि कमंडलू घेतला आणि चालू लागल्या. आर्यिकांना वाहन नाही, चप्पल नाही, घर नाही. मी त्या सोहळ्याला गेले होते. हे गेले नव्हते. त्या दिवशी यांनी दिवसभर गुऱ्हाळ चालवलं होतं. पुढं पाय गेला, हे किती दिवस दवाखान्यात होते, तेव्हा त्या लांब विदर्भात कुठंतरी होत्या. त्यांना कळलं होतं, एवढं आम्हाला कळलं. त्या आल्या नाहीत. येणारही नव्हत्या. ते त्यांच्या मार्गात बसत नाही. मला ते समजत होतं. यांनाही समजत होतं, पण समजून काही होत नव्हतं.

“परवापासनं त्यांना आहार न्हाई,” आदगोंडा सांगू लागला. “रोज सकाळी निघत्यात, गावात फिरत्यात आणि तशाच माघारी बस्तीत. इधी मिळंना.”

बस्ती म्हणजे आमचं मंदिर, आणि विधी म्हणजे मनातला नियम. आर्यिका आहाराला निघताना कधी कधी मनाशी धरतात, आज अमुक दिसलं तरच त्या दारी थांबायचं. काय धरलंय ते कुणाला सांगत नाहीत. दारोदारी लोक स्वच्छ न्हाऊन, कलश आणि श्रीफळ घेऊन उभे असतात. मनातलं दिसलं तर त्या थांबतात. नाही दिसलं तर त्या दिवशी अन्न नाही, पाणीसुद्धा नाही.

“सगळं करून बघितलं लोकांनी,” आदगोंडा म्हणाला. “नारळ, केळी, आंब्याचा डहाळा, डोक्यावर घागर. कोण जोडीनं हुबं राह्यलं, कोण पोरंबाळं घेऊन. न्हाई म्हंजे न्हाई. आता उद्याचा दिवस. मिळो न मिळो, परवा पहाटे त्या पुढं निघणार, कर्नाटकात. वय झालंय रं धनपाल. चालताना भिंतीला हात लावून थांबत्यात म्हणं. परत ह्या बाजूला येतील असं वाटत न्हाई.”

हे पुन्हा फडकं फिरवू लागले.

“माझी जीप हाय. सकाळी सोडतो दोघांस्नी.”

“चढवायचं कुणी मला? तू का तुझा ड्रायव्हर?” हे फडकं झटकत म्हणाले. “उचलून ठेवायला पोतं न्हाई मी.”

“आरं, आई हाय तुझी.”

“ती आता कुणाची आई न्हाई. तिनंच सोडलंय ते.”

आदगोंडानं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. तो गेला.

आमच्या घरात सूर्य मावळायच्या आत जेवणं होतात. त्या संध्याकाळी मी यांचं ताट वाढलं, ताटात गुळाचा खडा ठेवला. माझ्या ताटात तो नव्हता. सासूबाई दीक्षा घेऊन गेल्या त्या वर्षी मी बस्तीत नियम घेतला होता: आम्ही दोघं जोडीनं त्यांच्या ओंजळीत आहार देऊ तेव्हाच गूळ तोंडात घालीन. गुऱ्हाळवाल्याच्या बायकोनं गूळ सोडला म्हणून गावात चेष्टा व्हायची. हेही करायचे. उकळत्या काहिलीशेजारी उभी राहून मी लोकांच्या हातावर गरम गूळ ठेवायची आणि स्वतः हात धुऊन टाकायची.

“उद्या शिरगावला जाऊ आपण,” मी म्हणाले.

“तू जा. सकाळची एसटी हाय.”

“ती पोचेपर्यंत आहाराची वेळ टळती. आणि जोडीनं जायचंय. तसा नियम हाय माझा.”

“मला इचारून घेतलावतास?”

“नियम विचारून घ्यायचा नसतो.”

यांनी घास हातात तसाच धरला. मी कधी असं उत्तर देत नसे. आवाजही चढला नव्हता माझा, पण शब्द बाहेर पडल्यावर मला कळलं की मी आता मागं यायची नाही.

“हातब्रेक आल्यावर बघू,” हे म्हणाले.

“माताजी हातब्रेकसाठी थांबायच्या नाहीत.”

“मग काय करू? ब्रेक नसलेली गाडी डोंगरावरनं न्हेऊ? तुला घेऊन? उताराला किती खडी हाय म्हाईत हाय तुला?”

माहीत होतं. शिरगाव डोंगराच्या पलीकडं. रस्ता वर चढतो आणि मग तिकडच्या बाजूला उतरतो, वळणावळणांनी. पुढच्या ब्रेकवर तो उतार उतरायचा म्हणजे काय, ते मी खळ्यात बघितलं होतं. यांचं खोटं नव्हतं. म्हणूनच मी त्या रात्री जास्त काही बोलले नाही. जपमाळ घेतली आणि बसले.

पहाटे आंघोळ करून विहिरीवर गेले. नळाचं पाणी आमच्या स्वयंपाकाला चालत नाही. विहिरीचं, स्वतः शेंदलेलं, दुहेरी फडक्यातून गाळलेलं पाणीच लागतं. गाळल्यावर फडक्यात राहिलेले बारीक जीव परत त्याच पाण्यात अलगद सोडायचे. सासूबाईंनी मला हे पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. कळशी कधी हिसका मारून ओढायची नाही, सारख्या दमानं ओढायची, खाली सोडतानाही दोर हातातून मोकाट जाऊ द्यायचा नाही. माझ्या तळहातांना त्या दोरानं कधीचे घट्टे पडलेले.

त्या सकाळी मी भरलेली कळशी अर्ध्यावर आणली आणि थांबले. दोर आवळून धरला. कळशी जागच्या जागी, विहिरीच्या मध्यावर, हलत नव्हती. मी तिच्याकडं बघत राहिले.

घरी आले तर हे उठून गाडीशेजारी पाटावर बसले होते. मी ओल्या हातानंच त्या पेडलकडं बोट दाखवलं.

“हे खाली दाबलं की ब्रेक लागतो ना?”

“व्हय.”

“ते ज्या खिळीवर फिरतं, तिच्या मागं एक पट्टी काढली आणि ती वर ओढली, तर पुढचं खाली जाईल ना? तराजूसारखं?”

“जाईल. पण वडणार कोण? माझं दोन्ही हात हँडलाला.”

“मी. मागं बसून. दोर बांधून.”

हे हसले. चांगलेच हसले, कितीतरी दिवसांनी. म्हणाले, बाजारात जाताना लोक बघतील, धनपालची बायको मोटरसायकल शेंदती म्हणून. मी तिथंच उभी राहिले. हसू संपलं तसे हे पेडलकडं बघू लागले. वाकून खिळीला हात लावला. पेडल हातानं दाबलं, सोडलं, मागचं चाक उचलून फिरवलं, पुन्हा दाबलं.

“गुऱ्हाळात पट्ट्या पडल्यात त्यातली जाड बघून आण,” म्हणाले. “आणि नटबोल्टाचा डबा.”

यांच्या हाताला इंजिनाची सवय जुनी. सूर्य कौलांवर यायच्या आत पट्टी बसली, तिच्या टोकाच्या भोकातून सुती दोर ओवला आणि दोराच्या वरच्या टोकाला लाकडी मूठ बांधली. हातब्रेक पुढं होळीच्या सुमाराला आला, चांगला निघाला, हे त्यावर पुष्कळ वर्षं फिरले. ती पट्टी मात्र यांनी कधी काढली नाही.

आता प्रश्न माझा होता. दोर उजव्या बाजूला आणि बायका गाडीवर बसतात डावीकडं पाय सोडून, एका बाजूला. तसं बसून दोर माझ्या पाठीमागं येत होता. दोन्हीकडं पाय टाकून बसायला हवं होतं, आणि पाचवारी साडीत ते शक्य नव्हतं. मी माळ्यावरची ट्रंक उघडली. सासूबाई पांढऱ्या वस्त्रात गेल्या तेव्हा त्यांची नऊवारी लुगडी मागं राहिली होती. त्यातलं एक हिरवं काढलं, कासोटा घट्ट घालून नेसले आणि बाहेर आले. यांनी लुगड्याकडं बघितलं. सीटवरचा प्लास्टिकचा कागद तेवढा ओढून काढला.

खळ्यात आम्ही सराव केला. “वड” म्हटलं की ओढायचं, “सोड” म्हटलं की सोडायचं. पहिल्यांदा मी सगळा जोर लावला आणि गाडी अशी थांबली की यांची छाती टाकीवर आपटली.

“घागर न्हाई ती! दमानं.”

दुसऱ्यांदा दमानं ओढलं. सारख्या जोरानं, कळशी वर आणताना ओढतात तसं. गाडी रेष आखल्यासारखी थांबली. यांनी मागं वळून बघितलं.

“आणि एकदा,” म्हणाले.

मी शुद्ध वस्त्रांचं गाठोडं पोटाशी बांधलं, बस्तीच्या दिशेनं हात जोडले आणि आम्ही निघालो. आदगोंडा ओसरीवर दात घासत होता. तोंडातली काडी तशीच ठेवून तो उभा राहिला. गल्लीतल्या बायका दारांत आल्या. मी, जिचा आवाज शेजारच्या घरात कधी गेला नाही, ती पुरुषासारखी पाय टाकून मोटरसायकलवर बसलेली, हातात दोर. मला लाज वाटली का, आठवत नाही. मी मनात णमोकार मंत्र म्हणत होते आणि कान यांच्या शब्दाकडं होते.

चढ सोपा गेला. माथ्यावर पिंपरणीचं एक झाड आहे, तिथून पलीकडं शिरगावची बस्ती आणि तिच्यापुढचा उंच पांढरा मानस्तंभ दिसतो. तिथं हे म्हणाले, “वड.” मी ओढलं. यांनी इंजिन बंद केलं.

मला वाटलं, उतार बघून घेतायत. पण हे उताराकडं बघतच नव्हते.

“तू जा इथनं खाली,” म्हणाले. “मी थांबतो.”

“का?”

यांनी टाकीवरची धूळ अंगठ्यानं पुसली. मग हँडलकडं बघत म्हणाले, “अंग धड नसलेल्याच्या हातचं चालत न्हाई म्हणत्यात.”

“कोण म्हणतं?”

“कोण कशाला म्हणाय पायजे? आहाराच्या चौक्यात चामडं चालत न्हाई. ह्या पायाचं पट्टं चामड्याचं. तो काढून मी हुबा कसा राहू? सगळी जोडीनं सरळ हुबी, आणि मी कोंबड्यासारखा एका पायावर.” थोडं थांबून म्हणाले, “तिनं बघितलं, आणि मला बघून माघारी फिरली तर? आधीच उपाशी हाय. माझ्यामुळं आज आणि उपाशी जायची.”

इतकी वर्षं मला वाटत होतं, हे रागावलेत. गावाला तसंच वाटत होतं. आदगोंडालाही. यांच्या पाठीकडं बघताना मला कळलं की राग केव्हाच संपला होता, आणि त्या जागी दुसरंच काही बसलं होतं, ज्याला हातब्रेकचं निमित्त फार बरं पडत होतं.

माझ्याजवळ शास्त्राचं मोठं ज्ञान नाही. मी रोजचे नियम पाळते, तेवढंच.

“आपण गेलो नाही तरी त्या उपाशीच आहेत,” मी म्हणाले. “तीन दिवस झाले. धडधाकट माणसं उभी राहिली होती ना दारात? फिरल्याच की माघारी. आज आपण उभं राहायचं. फिरायचं का थांबायचं, ते त्या बघतील. ते आपलं काम नव्हे.”

“आणि हुबा कसा राहू?”

“मी आहे की.”

 उतारावरून एक बैलगाडी वर येत होती. ती आमच्याजवळून गेली, गाडीवान आमच्याकडं टकमका बघत पुढं गेला. मी लाकडी मूठ पुन्हा हातात घेतली आणि पदर तिच्यावर गुंडाळला. तळहात सोलवटून चालणार नव्हता. रक्त आलेल्या हातानं आहार देता येत नाही.

हे उतरले, शेजारी उभं राहून डाव्या पायानं किक मारली आणि परत बसले.

“पयल्या वळणाच्या आधीपासनं धरायचं,” म्हणाले. “मी सांगेन तवा सोड.”

तो उतार आम्ही दोघांनी मिळून उतरलो. दुसरा शब्द नाही कळत सांगायला. पुढचं चाक यांच्या हातात, मागचं माझ्या. वळण आलं की यांचा खांदा आधी हलायचा आणि यांनी “वड” म्हणायच्या आत माझा हात आवळायचा. एका ठिकाणी खडी इतकी होती की गाडी तिरपी झाली. मी दोर हलू दिला नाही. खाली आल्यावर पदर सोडून बघितलं. तळवा लाल झाला होता, रक्त नव्हतं.

शिरगावात माझी मावसबहीण राजमती राहते. तिचा चौका तयार होता, म्हणजे शुद्ध स्वयंपाक, उकळून ठेवलेलं पाणी, दारात रांगोळी. आम्हाला बघून ती लगबगीनं आंघोळीचं पाणी काढायला गेली. आम्ही न्हालो, शुद्ध वस्त्रं नेसलो. यांनी ओट्यावर बसून पट्टे सोडले, पाय काढला, भिंतीला टेकून ठेवला आणि वर माझ्याकडं बघितलं. मी खांदा पुढं केला.

अशी जोडपी दारात उभी राहतात तेव्हा दोघांच्या हातात काहीतरी असतं, कलश, श्रीफळ, आणि मध्ये अंतर असतं. थोरामोठ्यांच्या समोर नवराबायकोनं एकमेकांना शिवणं आमच्याकडं कुणी करत नाही. यांचा एक हात श्रीफळावर आणि दुसरा माझ्या खांद्यावर होता. सगळा भार. मी कलश दोन्ही हातांनी धरून पाय रोवून उभी होते.

गल्लीच्या टोकाला माणसांची कुजबुज थांबली आणि त्या दिसल्या. केवढ्याशा झाल्या होत्या. डाव्या हातात पिच्छी आणि कमंडलू, उजव्या हाताची बोटं जुळवून खांद्याला टेकवलेली, आहाराला निघाल्याची खूण. नजर चार पावलांपुढच्या जमिनीवर. एकेका दारातून लोक “माताजी, वंदामि, वंदामि” म्हणत होते. त्या मान थोडी वर करायच्या, बघायच्या आणि पुढं चालायच्या. एक दार, दुसरं दार. एका भिंतीला हात लावून त्या थांबल्या. परत चालू लागल्या.

माझ्या खांद्यावरची बोटं घट्ट झाली.

“वंदामि, माताजी, वंदामि,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. “अत्र तिष्ठ, तिष्ठ. आहार-जल शुद्ध आहे.” यांचे नुसते ओठ हलले.

त्यांनी मान वर केली. आधी यांचा एक पाय दिसला असेल. मग माझ्या खांद्यावरचा हात. तिथं नजर थांबली. त्याच्या वर, तोंडाकडं, गेलीच नाही.

त्या आमच्या दाराकडं वळल्या.

गल्लीत मागं कुणीतरी जयजयकार केला. मी यांना आत घेऊन गेले, कशी ते आठवत नाही. त्या पाटावर बसल्या. आहाराच्या वेळी मौन असतं. ओंजळ पुढं केली. पहिलं पाणी यांनी घातलं. धार ओंजळीत बारीक, सारखी पडत होती. त्या ओंजळीतलं पाणी प्यायल्या आणि पुन्हा ओंजळ पुढं केली. मी भात घातला, यांनी दूध घातलं. त्या सावकाश जेवल्या. माझ्या सासूबाई जेवताना डाव्या बाजूला मान किंचित कलती करायच्या. ती तशीच होती.

जेवण झाल्यावर मौन सुटलं. सगळे नमस्काराला आले. हे बसूनच पुढं सरकले आणि माथा टेकला. माताजींनी पिच्छी डोक्यावर धरली आणि म्हणाल्या, “धर्मवृद्धी असो.” पाठोपाठ राजमतीलाही तेच म्हणाल्या, मलाही तेच. सगळ्यांना जेवढं, तेवढंच यांना. हे बाहेर ओट्यावर जाऊन पाय बांधू लागले.

मग गावच्या एका म्हाताऱ्या पंचांनी हात जोडून विचारलं, “माताजी, पुरा झाला म्हणून विचारतो. एवढे दिवस विधी काय हुता?”

पुरा झालेला विधी सांगायला हरकत नसते. त्यांनी कमंडलू उचलला.

“दारात एकाच्या खांद्याला धरून दुसरा उभा असावा,” म्हणाल्या. “एवढंच.”

पंच म्हणाले, एवढं सोपं, आणि आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही. लोक हसले, एकमेकांना सांगू लागले. माताजी उंबरा ओलांडून निघाल्या. ओट्यावर हे खाली वाकून पट्टा आवळत होते. त्यांच्या शेजारून त्या गेल्या, थांबल्या नाहीत. पायरीशी आल्यावर पिच्छीनं पुढची जमीन झाडली, कुणी जीव पायाखाली येऊ नये म्हणून, आणि एकेक पायरी उतरत खाली गेल्या.

राजमतीनं माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मी तो तोंडात घातला आणि पाठमोऱ्या त्यांच्याकडं बघत राहिले.

परतीचा चढ आम्ही चढलो. माथ्यावरचं झाड मागं पडलं आणि आमच्या बाजूचा उतार सुरू झाला, तेव्हा हे म्हणाले, “आदगोंडा इचारणार. इधी काय हुता म्हणं?”

मी सांगितलं. त्यांनी म्हटलं होतं तसंच, एक शब्द कमी नाही की जास्त नाही.

वळण जवळ येत होतं. यांचा खांदा हलला नाही. “वड” म्हणाले नाहीत. मीच दोर आवळला, सारख्या दमानं, आणि गाडी उताराच्या मध्यावर थांबली. यांनी डावा पाय टेकला. इंजिन चालूच होतं. मला यांची पाठ तेवढी दिसत होती आणि हँडलवरचे दोन हात.

“पुन्ना सांग,” हे म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं.

खाली आमचं गाव दिसत होतं. गुऱ्हाळाचा धूर सरळ वर चालला होता. मी दोर दोन्ही हातांनी धरून ठेवला. कितीही वेळ धरला असता.

“सोड आता,” हे म्हणाले.